वाचाबाईंची निघालेली केबल

आमच्या हॉस्पिटलचं सगळं नेटवर्क माझ्या हातात आहे आणि ते उत्तम चालतं. हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाहीये. ज्यांना नम्रपणा परवडतो त्यांनी खुशाल करावा. माझ्या सर्व्हर रूममध्ये त्याला जागाच नाही; तिथे आधीच दोन रॅक, एक खडखडणारा एसी, मी आणि जावईबापू एवढे कोंबलेलो आहोत.

जावईबापू म्हणजे माझा सहकारी. कामाला लागला त्या दिवसापासून खुर्चीत असा ऐसपैस बसतो की चहावाला पहिला कप त्यालाच देतो आणि वर "साखर पुरे ना?" असंही विचारतो. मला कधी विचारलं नाही मेल्यानं. म्हणून मी त्याचं नाव जावईबापू ठेवलं आणि ते सगळ्या मजल्यांवर पसरलं. माणूस मनानं चांगला आहे, हुशारही आहे. फक्त दुसऱ्याचं काम त्याला न विचारता हलकं करायची भारी हौस.

माझे दोन नियम आहेत आणि त्यावरून मला सगळे चिडवतात. पहिला नियम असा, की चालू सर्व्हरवर काहीही मोठं करायचं तर कमांड टाइप करायची, पण एंटर दाबायचं नाही. आधी ती शेजारच्याला वाचून दाखवायची. शेजारच्यानं ती साध्या भाषेत परत सांगायची: "तुम्ही अमुक बंद करताय", "तुम्ही तमुक पुसताय". मग एंटर. दुसरा नियम बॅकअपचा. बॅकअप घेतला म्हणजे काम झालं असं माझ्याकडे चालत नाही. दर महिन्याला मी चिठ्ठ्या टाकते, ज्या विभागाची चिठ्ठी निघेल त्याचा सगळा डेटा बॅकअपमधून वेगळ्या मशीनवर परत आणते आणि फाइली उघडून बघते. एक्स-रेवाले कंटाळतात, हिशेबवाले नाक मुरडतात. मुरडू देत. नाकं त्यांची आहेत, डेटा माझा आहे.

आता दादाबद्दल सांगते, कारण ही सगळी गोष्ट त्याच्या आवाजाची आहे.

दादा माझा थोरला भाऊ. आमच्या गावात तुम्ही त्याला पाहिलं नसलं तरी ऐकलं नक्कीच असतं. बसस्थानकावर गाड्या पुकारायचं काम त्यानं आयुष्यभर केलं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" एवढं तो म्हणाला की रडणारी पोरंसुद्धा गप्प व्हायची. भरदार, स्वच्छ, घाई नसलेला आवाज. घरीही तसाच. जेवण झालं की "जेवणारांनी कृपया लक्ष द्यावे, ताटं आपापली उचलावीत" असं पुकारायचा आणि स्वतःचं ताट तिथंच सोडून उठायचा. मग वहिनी त्याला हाक मारून परत बोलवायची.

आमचं दोघांचं लहानपणापासून एका शब्दावरून पटलेलं नाही. तो मला फटाकडी म्हणतो. भांडण झालं आणि शेवटी मी बरोबर निघाले, आणि मी बहुतेक वेळा बरोबरच निघते, तर तो विषय बदलतो, पंखा लावतो, बाहेर जाऊन येतो, पण "तुझं खरं" हे दोन शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत. त्याच्या घरातला वायफाय राउटरच घ्या. तो त्यानं लोखंडी कपाटाच्या मागे ठेवलाय. मी शंभरदा सांगितलं, अरे, लोखंडातून सिग्नल जात नाही, स्वयंपाकघरात काही पोचत नाही तुझं. तर म्हणे, "दिव्यांची लुकलुक नको डोळ्यांसमोर. तिथेच बरा आहे." मी या कामाची पगारी जाणकार, आणि हा मला सांगतोय राउटर कुठे ठेवायचा! मी हात टेकले.

मग त्याच्या गळ्यात गाठ निघाली. आमच्याच हॉस्पिटलात तपासलं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं: स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज जाईल. दादा म्हणाला, "म्हणजे हिच्याशी भांडायचं कसं?" आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी त्याच्यावर ओरडले, हे काय बोलायचं झालं का म्हणून, आणि सरळ सर्व्हर रूममध्ये जाऊन रडले. तिथे पंख्यांचा आवाज इतका असतो की कुणाला काही कळत नाही.

आमच्याकडे वाचा-उपचार विभाग आहे. तिथल्या बाईंना सगळे वाचाबाई म्हणतात. ज्यांचा आवाज जाणार आहे अशा माणसाकडून त्या ऑपरेशनच्या आधी शेकडो वाक्यं वाचून घेतात, रेकॉर्ड करतात. त्यावरून यंत्रासाठी त्या माणसाचा आवाज तयार होतो. पुढे तो माणूस टॅबलेटवर टाइप करतो आणि यंत्र त्याच्याच आवाजात बोलतं. शिवाय रोजची, आवडीची वाक्यं जशीच्या तशी ठेवता येतात. एकेका वाक्याला एकेक बटण. रेकॉर्डिंग सगळं माझ्या सर्व्हरवर राहतं आणि टॅबलेटला आवाज तिथूनच जातो.

या वाचाबाईंशी माझं जुनं भांडण. रेकॉर्डिंगच्या वेळी माइकमध्ये बारीक घूंऽऽ ऐकू येते, ती नेटवर्कच्या केबलमधून येते असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या केबल काढून ठेवतात. ठेवोत बापड्या, पण परत लावायला विसरतात! मग त्या मशीनवरचं रेकॉर्डिंग सर्व्हरवर येत नाही, मला लाल खूण दिसते, मी फोन करते, त्या म्हणतात, "अगंबाई, विसरलेच." शेवटी मी त्यांच्या टेबलावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली: "केबल लावलीत का? लावा!" त्या गोड हसल्या आणि पुढच्याच आठवड्यात परत विसरल्या. अशी माणसं रागावण्याच्याही कामाची नसतात.

दादाच्या रेकॉर्डिंगच्या बैठका बऱ्याच झाल्या. कागदावरची वाक्यं तो पुकारल्यासारखी वाचायचा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची बैठक शेवटची. त्या दिवशी कागद नव्हता, त्याला हवी ती वाक्यं त्यानं बोलायची होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय काय बोललास?" म्हणाला, "तुझ्या कामाचं काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आत नेलं. वहिनी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसली. मीही बसले, पण माझ्यानं बसवेना. समोरच्या दाराकडे बघत राहिले तर मी एखाद्याशी भांडण उकरून काढीन हे वहिनीला कळलं असणार. तीच म्हणाली, "तू जा तुझ्या खोलीत. काही कळलं की फोन करते." मी गेले.

दार उघडलं तर जावईबापू उभे. हा माणूस उभा असणं हीच मुळात वाईट बातमी. तोंडावर रंग नव्हता.

"मॅडम," तो म्हणाला, "माझ्याकडून घोटाळा झालाय. वाचा विभागाचा डेटा गेला."

आधी मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग नाही वाटलं. माझा आवाज चढला तो इतका, की एसीची खडखड बंद पडल्यासारखी झाली. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग मी श्वास घेतला आणि म्हटलं, "हात वर. कीबोर्डला कुणी हात लावायचा नाही. तूही नाही, मीही नाही. आधी सांग, काय केलंस?"

झालं होतं असं. वाचा विभागाची जुनी डिस्क भरत आली होती. नवी, मोठी डिस्क आली होती. जुनीवरचं सगळं नवीवर न्यायचं काम मी पुढच्या आठवड्यात करणार होते. आज मॅडमचा भाऊ आत आहे, निदान एवढं ओझं तरी कमी करू, म्हणून जावईबापूंनी ते सकाळीच, एकट्यानं, काढलं. कमांडमध्ये दोन ठिकाणं लिहायची असतात: आधी कुठून, मग कुठे. त्यानं ती उलटी लिहिली. आणि "दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या करा, जास्तीचं पुसून टाका" हेही सांगितलं. सर्व्हर आज्ञाधारक. त्यानं रिकामी डिस्क बघितली, भरलेली बघितली, आणि भरलेली रिकामीसारखी करून दिली.

ही चूक फक्त आमच्याच जातीची माणसं करू शकतात. दुसऱ्या कुणाला असं करता येईल अशी सोयच नसते.

"वाचून दाखवली असतीस तर—"

"हो."

"'मी रिकाम्यावरून भरलेल्यावर नेतोय' असं स्वतःच्या तोंडानं म्हणाला असतास की नाही?"

"हो मॅडम."

आणि जोडीला ठेवलेला दुसरा सर्व्हर? तो पहिल्याची सावली. पहिल्यावर जे होतं ते काही मिनिटांत त्याच्यावरही होतं. पहिल्यावर पुसलं गेलं, त्याच्यावरही पुसलं गेलं होतं. जावईबापूंनी तेच बघून हातपाय गाळले होते.

"शुक्रवारची डिस्क आण," मी म्हटलं.

दर शुक्रवारी मी सगळ्याची एक प्रत काढते आणि ती डिस्क उपटून अंगणापलीकडच्या औषध भांडारात, आगीपासून वाचणाऱ्या कपाटात ठेवते. तिला कुठलीही वायर नाही, तिच्यापर्यंत कुणाची कमांड पोचत नाही. ही डिस्क म्हणजे माझं वेड आहे असं मोठे साहेबसुद्धा म्हणतात. जावईबापू ती आणायला जे पळाले, तसं त्यांना कुणी कधी पळताना पाहिलं नसेल.

ती येईपर्यंत मी खुर्चीत बसून राहिले. एक सांगते, मला डेटाची भीती नव्हती. शुक्रवारपर्यंतचं सगळं परत येणार हे मला दिवस आहे इतकं पक्कं माहीत होतं, कारण दोनच महिन्यांपूर्वी चिठ्ठीत वाचा विभाग निघाला होता आणि मी एकेक फाइल उघडून बघितली होती. मला भीती होती ती सोमवारची. आज मंगळवार. शनिवार-रविवार तो विभाग बंद. सोमवारी त्या खोलीत एकच बैठक झाली होती. दादाची, शेवटची.

आणि दादा आत्ता टेबलावर होता. परत बोलवून, "जरा तेवढं पुन्हा म्हण" असं त्याला आता कुणीच सांगू शकणार नव्हतं.

डिस्क आली. या वेळी कमांड मी लिहिली, वाचून दाखवली. "शुक्रवारच्या डिस्कवरून नव्या डिस्कवर," जावईबापू म्हणाले, "पुसापुशी काही नाही." एंटर. नावं भराभरा पडद्यावर उतरायला लागली. संपल्यावर मी उघडून बघितली, इकडची एक, तिकडची एक. एक म्हातारी बाई म्हणाली, आकाश निळे आहे. एक तरुण मुलगा म्हणाला, आकाश निळे आहे. मग दादा म्हणाला, आकाश निळे आहे, असा की जणू आकाश फलाट तीनवर लागलंय. मी पटकन बंद केलं.

त्याच्या सगळ्या बैठका आल्या होत्या. सोमवारची नव्हती.

"मॅडम, आवाज तर तयार होईल ना यावरून?" जावईबापू हळूच म्हणाले. "एक बैठक कमी पडली तरी—"

"आवाज होईल," मी म्हटलं. "पण तो स्वतःचं म्हणून जे काही बोलला ते गेलं ना! बाकी सगळं कागदावरचं आहे. माझ्या भावाला आकाशाशी काय करायचंय?"

बोलता बोलता माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याचाही राग आला. राग आला की माझं डोकं चालतं, हे देवानं मला दिलेलं वरदान आहे. मी डोळे पुसले आणि स्वतःलाच विचारलं: सोमवारची बैठक सर्व्हरवर आली होती का मुळात?

मी नोंद उघडली. आली नव्हती. वाचाबाईंच्या मशीनवरून सोमवारी काहीच आलं नव्हतं. मी स्विचकडे वळले. प्रत्येक खोलीची केबल शेवटी त्या स्विचमध्ये येते आणि कुठली जोडलेली, कुठली निघालेली ते तो सांगतो. वाचाबाईंच्या खोलीचं पोर्ट, म्हणजे तिची केबल खोचायची जागा, काल सकाळपासून मेलेलं होतं. लाल खूण. इतर कुठल्याही दिवशी ती बघून मी फोन उचलून बाईंना फैलावर घेतलं असतं. काल घेतलं नाही, कारण काल माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं.

"काढून ठेवलीये!" मी किंचाळलेच. "बाई विसरल्यात! जावईबापू, बाई विसरल्यात!"

त्यालाही कळलं: दादाचं सोमवारचं बोलणं अजून बाईंच्या मशीनवरच होतं. तो हसायला लागला आणि मग एकदम थांबला. "मॅडम, पण लावली तर?"

हाच तर पेच होता. त्या मशीनचा फोल्डर आणि सर्व्हरवरचा फोल्डर आपोआप जुळवले जातात, आणि नियम साधा: ज्याच्यात बदल ताजा, ते खरं. सर्व्हरवरचा दादाचा फोल्डर आज सकाळी बदलला होता, पुसला गेला म्हणून का होईना. मशीनवरचा कालचा. बाईंनी केबल लावली की सर्व्हर म्हणणार, माझं ताजं, आणि मशीनवरचं दादाचं बोलणं पुसून मोकळा होणार. आणि बाईंच्या टेबलावर मी स्वतः, मोठ्या अक्षरांत, लिहून ठेवलं होतं: लावा!

जावईबापू दाराकडे निघाले. "थांब," मी म्हटलं. "तीन मजले चढेपर्यंत त्या लावतील. पोर्ट इथूनच बंद करू."

स्विचला सांगितलं की एखादं पोर्ट तो बंद करून टाकतो. मग पलीकडे केबल लावा नाहीतर नका लावू, काही जात नाही, काही येत नाही. एका ओळीचं काम. पण त्याच स्विचवर शेजारची पोर्टं अतिदक्षता विभागाची. एक आकडा चुकला तर तिथले मॉनिटर आंधळे. माझं बोट एंटरवर होतं आणि दाबायची इतकी घाई झाली होती की काय सांगू.

मी बोट उचललं. "वाच," मी म्हटलं.

जावईबापू पडद्यापाशी वाकले, एकेक आकडा मोठ्यानं वाचला, भिंतीवरच्या तक्त्याशी ताडून बघितला. "वाचा विभाग, रेकॉर्डिंगची खोली. तुम्ही तेवढीच बंद करताय. अतिदक्षता चालू राहतंय." वाचलं चोख.

एंटर.

पोर्ट बंद झालं. तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, आधी रागावणार नाही म्हणा," वाचाबाई म्हणाल्या. "कालपासून केबल काढलेलीच राहिली हो. आत्ता तुमची चिठ्ठी वाचली आणि लगेच लावली. पण तो हिरवा दिवा काही लागत नाहीये."

"लावलीत कधी?"

"हे काय, आत्ताच. लावली आणि तुम्हाला फोन केला."

"बाई," मी म्हटलं, "तुम्ही या हॉस्पिटलातल्या सगळ्यात गुणी बाई आहात. ती केबल परत काढा आणि मशीनला हात लावू नका. मी आले."

"मॅडम, तुम्हाला बरं नाहीये का?" त्या म्हणाल्या.

जवळच्या जिन्यानं वर जाताना थिएटरच्या बाहेरून जावं लागतं. मला धावत येताना बघून वहिनी ताडकन उठली, पदराचा बोळा तोंडाशी धरून. मी लांबूनच ओरडले, "इकडचं काही नाही वहिनी! माझ्याकडचं आहे!" ती परत बसली आणि म्हणाली, "जीव घेशील एक दिवस माझा." आता विचार करते तर वाटतं, जिना बदलून जायला हवं होतं.

रेकॉर्डिंगच्या खोलीत भिंतींना जाड फोम लावलेला. आत गेलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. मी दादाचा सोमवारचा फोल्डर दोन वेगवेगळ्या डिस्कवर घेतला. मग माझा दुसरा नियम. फाइल आली म्हणजे काही झालं नाही, उघडून बघायची. वाचाबाईंनी हेडफोन माझ्या हातात दिला आणि त्या शहाण्या बाईनं बाहेर जाऊन दार लावून घेतलं.

"कागदावरचं संपलं ना एकदाचं?" दादा कानात म्हणाला. "आकाश निळं आहे म्हणून म्हणून मीच निळा पडलो." मागे बाईंचं हसणं. मग त्यानं घसा साफ केला. "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" हे वहिनीचं. "तू जेवलीस का? खरं सांग." हेही वहिनीचं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." हे सगळ्यांचं. मग: "फटाकडे, हळू बोल, शेजारी जागे होतील." "फटाकडे, फोन ठेव आता, बस चुकेल तुझी." "फटाकडे, पोचलीस की कळव." पुढची सगळी वर्षं माझ्याशी कसं भांडायचं त्याची त्यानं पद्धतशीर तयारी करून ठेवली होती.

त्यानंतर जरा वेळ काहीच नाही. मला वाटलं संपलं. मग तो म्हणाला, "बाई, हे शेवटचं," आणि अगदी हळू, पुकारल्यासारखं नाही, नुसतं बोलल्यासारखं: "बरं बाई, तुझंच खरं."

"काका, हे कुणासाठी?" वाचाबाईंनी विचारलं होतं.

"बहिणीसाठी. तिचंच बरोबर असतं नेहमी. माझ्या तोंडून कधी निघालं नाही. आता यंत्रावर ढकलता येईल." मग जरा थांबून, "पण हे बटण खाली कोपऱ्यात ठेवा हां. चुकून दाबलं जायला नको. जपून वापरणार आहे मी."

मी त्या फोमच्या खोलीत खाली जमिनीवर बसून हुंदके देऊन रडले. पंख्यांच्या आवाजाची गरज लागली नाही, बाहेर काही जात नाही तिथून. मग उठले, तोंड धुतलं, आणि खाली फोन करून जावईबापूंना सांगितलं, "फाइल उघडते. चालते." पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. तोही बहुतेक रडत होता.

दुपारी दादाला बाहेर आणलं. ऑपरेशन नीट झालं होतं. जावईबापू स्वतःहून मोठ्या साहेबांकडे गेले आणि काय झालं ते सगळं सांगून आले. मी बरोबर गेले होते, पण मला तोंड उघडायची वेळच आली नाही. त्या दिवसापासून तो कमांड वाचून दाखवतो. एवढंच काय, चहावाल्यालासुद्धा सांगतो, "आधी मॅडमना."

यानंतर बऱ्याच आठवड्यांनी दादाचा टॅबलेट तयार झाला आणि मी तो घेऊन त्याच्या घरी गेले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही तिघं बसलो. फाइलीतलं मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. वहिनी ओट्याशी चहा करत होती, पाठ आमच्याकडे. दादानं गळ्याचा रुमाल नीट केला, बोटं मोडली आणि पहिलं बटण दाबलं.

"प्रवाशांनी कृ—" टॅबलेट म्हणाला आणि गप्प झाला. पडद्यावर गोल फिरायला लागलं. वहिनी वळून बघत राहिली. खूप वेळानं "—पया ल" एवढं आलं.

"राउटर," मी म्हटलं.

दादानं माझ्याकडे डोळे वटारले आणि दुसरं काहीतरी टाइप केलं. "कपाट दण... तिथेच ब..." असे तुकडे पडले.

"अरे, आवाज सर्व्हरवरून येतोय! आणि तुझा राउटर लोखंडी कपाटामागे पडलाय! किती वेळा सांगितलं तुला मी? किती वेळा? लोखंडातून—"

तो उठला. मला वाटलं, नेहमीप्रमाणे पंखा लावायला गेला. तो सरळ कपाटापाशी गेला, हात मागे घालून राउटर ओढून काढला, धूळ फुंकायला गेला आणि फुंकता येत नाही हे त्याच्या लक्षात आलं. आता श्वास नाकातोंडानं नाही, गळ्याला पाडलेल्या भोकातून जातो. मग वहिनीनं पुढे होऊन पदरानं राउटर पुसला, आणि दोघांनी मिळून तो दाराजवळच्या उघड्या फळीवर ठेवला.

दिवे लुकलुकले, स्थिर झाले. दादा येऊन बसला. पहिलं बटण.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

सगळं स्वयंपाकघर त्या आवाजानं भरून गेलं. वहिनीच्या हातातली गाळणी तशीच राहिली, चहा ओट्यावर सांडला, तरी ती हलली नाही.

दादा माझ्याकडे बघत होता. त्याचं बोट पडद्यावरून खाली सरकत गेलं, अगदी कोपऱ्यात.

"बरं बाई, तुझंच खरं."

मी हे आधी ऐकलेलं होतं. मला वाटलं होतं, मी तयार असेन.

"परत," मी म्हटलं.

जपून वापरणार होता तो. त्यानं परत दाबलं.